शिशातलं स्कॉटलंड

काका बोलताना विरामचिन्हंही बोलायचे. "आज ऊन जास्त आहे, स्वल्पविराम, तरी मी पायीच आलो, पूर्णविराम." नवख्या माणसाला वाटे, हा म्हातारा आपली थट्टा करतो आहे. थट्टा मुळीच नसायची. त्यांची पस्तीस वर्षं नागपूरच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती. स्वल्पविरामाचाही एक खिळा असतो, तो वेगळ्या खणातून उचलून हातानं लावावा लागतो, मग बोलताना तो फुकट का सोडायचा, असा त्यांचा हिशेब. फक्त राग आला की विरामचिन्हं गळून पडत. त्यावरून मला कळायचं की आज काही बिनसलं आहे.

मोहल्ल्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. ते दिसले की पानठेल्यावरून आवाज यायचा, "स्कॉटलंड आला रे!" आणि एखादा लगेच विचारायचा, "काय म्हणते काका तुमचं चर्च? घंटा झाडावरच आहे का अजून?"

"झाडावरून उतरवली, स्वल्पविराम, पान बावीसवर," काका शांतपणे सांगायचे.

माझं जुन्या लाकडाचं आणि भंगाराचं दुकान. पारशिवनीहून चौथी शिकून नागपुरात आलो, हातगाडीवर सुरुवात केली, आणि या दुकानाची एकेक फळी भांडून मिळवली. मी तापट आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. भावावरून गिऱ्हाइकाशी वाजलं नाही तर मला त्या दिवशी जेवण जात नसे. काकांची माझी ओळखही तशीच व्हायची होती. एका बंद पडलेल्या छापखान्याचं सामान मी उचललं होतं. त्यात खिळे ठेवायची एक लाकडी केस होती, म्हणजे शंभरेक लहान खणांचं मोठं तबक. काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मी भाव चौपट सांगितला. त्यांनी ऐकलंच नाही. डोळे मिटले आणि उजवा हात त्या रिकाम्या खणांवरून फिरू लागला. या खणातून काही उचल, त्या खणातून काही उचल, डाव्या हातात लाव. खिळा एकही नव्हता. दहा मिनिटं असं चाललं. मग डोळे उघडून म्हणाले, "पान एक झालं, पूर्णविराम."

ती केस मी त्यांना फुकट दिली असं म्हणणार नाही. पण निम्म्यात दिली, आणि माझ्या बाबतीत ते फुकटच धरावं. पुढे काकूंनी तिच्यात मोहरी, मेथ्या, लवंगा, सुया, बटणं असं सगळं भरलं. काका अंधारातसुद्धा बरोबर लवंग काढून आणायचे.

त्यांनी त्या दिवशी हवेत जुळवलं ते एका पुस्तकाचं पहिलं पान होतं. चाळीस पानांचं लहानसं इंग्रजी पुस्तक. ते लिहिलं होतं एका म्हाताऱ्या स्कॉटिश पाद्रीसाहेबांनी. त्यांनी इथे एक शाळा काढली होती आणि आयुष्य नागपुरात घालवलं होतं. मरण्याआधी त्यांना आपल्या गावच्या जुन्या चर्चचा इतिहास लिहून ठेवायचा होता. काका तेव्हा ऐन पंचविशीतले. इंग्रजी अक्षरं जुळवता यायची, अर्थ कळायचा नाही. पाद्रीसाहेब रोज संध्याकाळी छापखान्यात स्टुलावर येऊन बसत आणि मोडक्या मराठीत प्रत्येक वाक्य समजावून सांगत. "अर्थ माहीत नसता जुळवणे म्हणजे आंधळे गाढव ओझे नेते," असं काहीसं ते म्हणत. काका त्यांची नक्कल हुबेहूब करायचे.

चाळीस पानं जुळली. एक कच्ची प्रत निघाली. ती तपासायला घेऊन पाद्रीसाहेब घरी गेले, आजारी पडले, मायदेशी जायला बोटीवर चढवले गेले आणि वाटेतच वारले. प्रतीचं काय झालं कोणाला ठाऊक नाही. छापखान्यात खिळे मोजके. मालक किती दिवस थांबणार? कॅलेंडरं छापायची होती. त्यानं सांगितलं, मजकूर मोडा. आणि काकांनी स्वतः जुळवलेली चाळीस पानं स्वतःच्या हातानं मोडून एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकला. चार दिवस लागले. "मोडता मोडता पाठ झालं," ते म्हणायचे. "जुळवताना नव्हतं झालं, स्वल्पविराम, मोडताना झालं."

तेव्हापासून ते चर्च काकांच्या डोक्यात राहत होतं. त्या गावाचं नाव घसा खाकरल्याशिवाय निघत नसे, आणि काका ते अगदी पाद्रीसाहेबांसारखं खाकरून घेत. नदी आणि माळ यांच्यामध्ये एक टेकाड, त्यावर दगडी चर्च. दार इतकं बुटकं की तलवारवाल्यालाही वाकावं लागे. छतावर सुरुवातीला गवत. मनोरा बांधायला पैसे नव्हते म्हणून घंटा झाडाला टांगलेली. बाहेरच्या भिंतीत एक लोखंडी कडं. रविवारी काम करताना कोणी सापडला, की त्याच्या गळ्यात ते अडकवून त्याला सगळ्या गावासमोर उभं करत. जमीनदाराला आत वेगळा सज्जा, त्यात शेगडी. प्रवचन लांबलं की त्याचा नोकर मुद्दाम खडखड करून निखारे ढवळायचा. गावात विणकर पुष्कळ. त्यांचाही एक सज्जा, पण त्याला बाहेरून जिना. अकरा पायऱ्या, वरून तिसरी बुटकी.

काका मूळचे उमरेडचे, वडील मागावर बसणारे. छप्पन साली काकांनी सहकुटुंब बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे पानठेल्यावर हा प्रश्न हटकून निघे, "काका, तुम्ही बौद्ध, अन् त्या गोऱ्यांच्या चर्चचं काहून घेऊन बसता?"

"मी चर्चचं नाही सांगून राहिलो," काका म्हणायचे. "मी दाराचं सांगून राहिलो, स्वल्पविराम, कोणाले आत घेतलं अन् कोणाले बाहेर उभं केलं, पूर्णविराम."

मग ते बिल्ल्यांची गोष्ट सांगत. ती पान सत्तावीसवर होती. त्या चर्चमध्ये वर्षातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे एका मेजाशी बसून भाकर खाण्याचा विधी व्हायचा. त्याआधी पाळक घरोघर जाऊन प्रत्येकाची चौकशी करायचा, आणि जो त्याला लायक वाटेल त्याला शिशाचा एक चौकोनी बिल्ला द्यायचा. भोजनाच्या दिवशी बिल्ला हातावर ठेवला तर मेजाजवळ जागा, नाही तर बाहेर. एका म्हाताऱ्या विणकरणीला तीन वर्षं बिल्ला नाकारला. ती खिडकीखाली बसून आतल्यांपेक्षा मोठ्या आवाजात भजनं म्हणायची. चौथ्या वर्षी पाळकानं कंटाळून दिला. इथं पोचले की काका जिंकल्यासारखे हसत.

त्या बिल्ल्यांत एक गंमत होती. ते ओतायचा साचा गावच्या लोहारानं कोरला. त्याला वाचता येत नव्हतं. पाळकानं कागदावर काढून दिलेली अक्षरं त्यानं साच्यात जशीच्या तशी कोरली. साच्यात सरळ कोरलं की ओतीव उलटं निघतं. "आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवते हे," काका म्हणत. "खिळा उलटा, स्वल्पविराम, छाप सरळ. त्या बिचाऱ्याले कोणी सांगितलंच नाही." दुसरा साचा करायला पैसे नव्हते, म्हणून गावानं उलटे बिल्लेच पिढ्यान्पिढ्या वापरले.

सगळे हसायचे, मीही हसायचो. खरं सांगायचं तर पुस्तक होतं की नव्हतं याची मी तेव्हा फिकीर केली नव्हती. गोष्ट चांगली होती, चहाबरोबर चालत होती.

मग त्या शाळेचा मोठा उत्सव ठरला. पाद्रीसाहेबांनी काढलेली तीच शाळा. तिचे सेक्रेटरी इस्त्रीचे कपडे घालणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी हव्यात असं त्यांनी जाहीर केलं. काका धुतलेलं धोतर नेसून गेले. पुस्तकाचं सांगितलं. सेक्रेटरींनी पाद्रीसाहेबांच्या लिखाणाची यादी काढली आणि भरल्या ऑफिसात म्हणाले, "असं पुस्तक कधी नव्हतंच. शिशाच्या हवेत जन्म गेला की डोकं फिरतं, माणूस असं बोलतो." ऑफिस हसलं.

काका तिथून सरळ माझ्या दुकानात आले.

"मले खोटा म्हटलं त्यानं," ते म्हणाले. स्वल्पविराम नाही, काही नाही. "मी जुळवलं ते पुस्तक ह्या हातानं मी मेलो तं कोण सांगीन गा की ते होतं म्हणून"

त्यानंतर त्यांनी गोष्ट सांगणं बंद केलं. पानठेल्यावर कोणी घंटेचं विचारलं तर मान हलवून पुढे जायचे. काकू मला म्हणाल्या, "तीस वर्षं मी म्हणून राहिली होती की गप बसा. आता गप बसले तं मले घर खायले उठते, भाऊ."

याच सेक्रेटरींशी माझंही एक प्रकरण होतं, आणि ते मी आजही विसरलेलो नाही. त्याच सुमारास शाळेची जुनी सागवानी बाकं निघणार होती. त्यांच्या ऑफिसात बसून दोन तास घासाघीस करून मी सौदा पक्का केला. त्यांनी हात दिला. दुसऱ्या दिवशी हातगाड्या घेऊन गेलो तर बाकं त्यांच्या मेहुण्याकडे गेलेली. चपराशानं निरोप दिला, "साहेब म्हणाले, कबाड्याच्या तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. पाहिजे तर अडगळीतला कचरा घेऊन जा." मी फाटकात उभं राहून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रिकाम्या गाडीनं परतणं मला जमत नाही. चार पोती कचरा घेऊनच आलो.

तिसऱ्या पोत्यात चहाचा एक गंजका डबा निघाला. आत पन्नास-साठ शिशाचे चौकोनी तुकडे. मला वाटलं, मासेमारीच्या जाळ्याची वजनं. शिसं म्हणून वितळवायच्या ढिगात टाकणार होतो. काका शेजारी स्टुलावर गप्प बसले होते. त्यांनी सवयीनं एक तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला. मग डबाच मांडीवर घेतला.

"काय आहे त्याच्यावर?" मी विचारलं.

"तू वाच."

मला इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी येत होती. "एम, ए. खाली काहीतरी मोडकं आहे."

"मोडकं नाही. तो के आहे. त्याचे पाय पाह्य ना कोणीकडे आहेत."

के चे पाय डावीकडे होते. उलटा के.

"आता ऐक," काका म्हणाले. विरामचिन्हं परत आली होती. "ए अन् एम ही लबाड अक्षरं आहेत, स्वल्पविराम, आरशात धरली तरी तशीच दिसतात. म्हणून कोणाले समजत नाही. पण के लपत नाही. हे एम-ए नाही, स्वल्पविराम, ए-एम आहे. ए म्हणजे ते गाव, एम म्हणजे तो पाळक, के म्हणजे किर्क, स्वल्पविराम, त्यांच्या बोलीत चर्च. पान सत्तावीस, पूर्णविराम."

जन्मात न पाहिलेली वस्तू त्यांनी मला वर्षानुवर्षं चहाबरोबर सांगितली होती, आणि पाद्रीसाहेबांनी कधीतरी गावाहून आणून शाळेत ठेवलेली ती वस्तू सेक्रेटरींच्या तोऱ्यामुळे माझ्या भंगारात येऊन पडली होती. त्या दिवशी मी ठरवलं, हा सौदा हातचा जाऊ द्यायचा नाही.

उत्सवाला पाहुणा येणार होता तो त्याच स्कॉटिश गावचा, त्याच चर्चचा सध्याचा पाळक. वर्तमानपत्रात बातमी होती. मी काकांना रिक्षात घातलं आणि शाळेच्या फाटकाशी नेलं. फाटकात चपराशी आणि एक पाटी, निमंत्रणपत्रिकेशिवाय प्रवेश नाही.

"कार्ड दाखवा," चपराशी म्हणाला.

"पाहुण्याले भेटायचं आहे फक्त. दोन मिनिटं," मी म्हणालो.

"कार्ड नाही तं आत नाही. साहेबांनी तुमचं नाव घेऊन सांगितलं आहे, शेठ. अन् ह्या स्कॉटलंडचंही."

मी तापलो. बाह्या सावरल्या. आतलं भाषण माझ्या आवाजानं थांबलं असावं, कारण मांडवातल्या माना वळल्या. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कल्ला काहून करून राहिला बे? कार्डच पाहिजे ना त्याले?" त्यांनी खिशातून शिशाचा एक बिल्ला काढला आणि चपराशाच्या तळहातावर ठेवला. "हे घे. हे त्याच गावचं कार्ड आहे, स्वल्पविराम, पाहुण्याले नेऊन दाखव, पूर्णविराम."

चपराशी बिचारा गोंधळला. तो धावत गेला आणि हात सेक्रेटरींसमोर धरला. त्यांनी तो झटकला. पण बिल्ला मेजावर खण्णकन पडला, आणि पाहुण्यानं तो पाहिला.

तो उंच, उन्हानं लाल झालेला माणूस खुर्ची मागे पाडून उठला आणि मांडवातून थेट फाटकाशी आला. मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे इंग्रजीच्या बाई. पाहुण्यानं आपल्या पाकिटातून एक तुकडा काढला. तसाच, फक्त खालचा कोपरा झिजलेला. के असायला हवा होता तो कोपरा. बाईंनी त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडचे जुने कागद आगीत गेले होते. एवढा एकच बिल्ला उरला होता, आणि त्यावरचं एम-ए वाचून गावानं तो शेजारच्या, एमनं सुरू होणाऱ्या गावचा ठरवला होता. ओळख पटवायला पाद्रीसाहेबांच्या शाळेत कोणी भेटेल म्हणून तो बरोबर घेऊन आला होता.

काकांनी आपला बिल्ला त्याच्या शेजारी धरला आणि के वर बोट ठेवलं. लोहाराची गोष्ट सांगितली. बाईंनी ती इंग्रजीत केली. पाहुणा आधी हसला, मग हसायचा थांबला.

"हे ह्यांना कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"विचारा त्याले, स्वल्पविराम," काका बाईंना म्हणाले, "विणकरांच्या जिन्याची वरून तिसरी पायरी अजून बुटकीच आहे का, प्रश्नचिन्ह."

बाईंनी विचारलं. पाहुण्यानं आधी पुढचे दात चाचपले. मग बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, लहानपणी त्या पायरीवर ठेच लागून त्यांचा दात पडला होता."

सेक्रेटरी पुढे झाले. "हे गृहस्थ जरा... यांच्या बोलण्याला काही आधार नाही. असं पुस्तक कधी नव्हतं."

आणि तिथे, फाटकात उभं राहून, काकांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत उठला, खणांवरून फिरू लागला, आणि तोंडून इंग्रजी वाहू लागलं. प्रत्येक कॉमा, प्रत्येक फुलस्टॉप. तिसऱ्या पानाच्या शेवटी ते मध्येच थांबले, अर्ध्या शब्दावर. "हायफन," ते म्हणाले. "पान चार." आणि उरलेल्या अर्ध्या शब्दानं पुढे सुरू झाले. बाईंचा हात तोंडावर गेला. असा मधोमध मोडलेला शब्द मनानं रचता येत नाही. छापील ओळ संपली तरच शब्द तसा तुटतो. पाहुणा फाटकाच्या पायरीवर, आपल्या चांगल्या कोटासकट, बसला आणि वही काढून लिहू लागला. मांडवातले लोक एकेक करून इकडे येऊन उभे राहिले. भाषणाच्या मेजाजवळ कोणीच उरलं नाही.

पान नऊवर सेक्रेटरींनी मऊ आवाजात सुचवलं की आपण सगळे ऑफिसात बसू या.

"नाही," मी म्हणालो. आयुष्यभर सौदे केले, पण एका शब्दात पटलेला तेवढा एकच. "पुढची पानं माझ्या दुकानात. ज्याला ऐकायचं त्यानं तिकडे यावं."

तीन दिवस पाहुणा माझ्या दुकानात, दारं-खिडक्यांच्या ढिगात बसून लिहीत होता. पानठेल्यावरचे सगळे येऊन बसत. इंग्रजी एकालाही कळत नव्हतं, पण गोष्ट पाठ होती. काका कोणत्या पानावर आहेत ते हाताच्या हालचालीवरून ओळखून "घंटा उतरली, घंटा उतरली," असं एकमेकांना सांगत. जमीनदारानं आपला पाळक लादला आणि सगळं गाव उठून नदीकाठच्या वाळूवर, बर्फात, उघड्यावर प्रार्थना करू लागलं, ते पान आलं तेव्हा दारातले लोकही आत सरकून बसले. चाळिसावं पान संपल्यावर पाहुण्यानं बाईंमार्फत विचारलं, या कामाचं काय द्यायचं? मी तोंड उघडणार होतो. काकांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"एक ओळ छापा, स्वल्पविराम," ते म्हणाले, "की हे पुस्तक पहिल्यांदा नागपुरात जुळवलं होतं, पूर्णविराम."

वर्षभरानं पोस्टानं पार्सल आलं. पातळ पुस्तक, कव्हरवर त्या चर्चचं चित्र. शेवटच्या पानावर ती ओळ. काकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, उमरेड, आणि नागपूर. काकांनी ते पान अंगठ्यानं चाचपलं आणि नव्या धोतराची घडी न्यावी तसं पुस्तक काखेत घेऊन मोहल्ल्यात दोन फेऱ्या मारल्या.

आठवड्याभरात सेक्रेटरी माझ्या दुकानात आले. शाळेच्या संग्रहासाठी त्यांना पुस्तक पाहायचं होतं. काका स्टुलावरच होते. मी खुर्ची दिली नाही. काकांनी शेवटचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं.

"वाचा, साहेब."

सेक्रेटरींनी मनातल्या मनात वाचलं आणि मान डोलावली.

"असं नाही, स्वल्पविराम, मोठ्यानं वाचा," काका कानामागे हात धरून म्हणाले. "म्हातारा झालो, मले आजकाल कमी ऐकू येते."

त्यांनी वाचलं. काकांनी मान हलवली, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं, जरा चढ्या आवाजात. पानठेल्यावरचे लोक रस्ता ओलांडून दारात जमले. तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी काकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, उमरेड आणि नागपूर हे सगळं असं खणखणीत वाचलं की समोरच्या सायकलवाल्यानंही पाना खाली ठेवून मान वर केली.

काकांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. माझ्या दुकानामागच्या त्यांच्या घरात काकू कोणाशी कुजबुजत असल्या तरी त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायचा.